गाठ नव्हतीच

आष्ट्याच्या पेठेमागच्या गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत प्रियदर्शनीचं शिवणकाम चाले. दोन मशिनी, कोपऱ्यात ओव्हरलॉक, आणि भिंतीच्या खुंट्यांना लटकलेल्या ब्लाउजांच्या पिशव्या. निम्म्या गावाच्या बायकांची मापं तिच्या वहीत होती. वीस वर्षांच्या कामात तिला एक गोष्ट दिसली होती. बाई जाड होवो की बारीक, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं माप वर्षागणिक वाढत जातं. नऊ इंचांचं दहा होतं, दहाचं साडेदहा. ते माप घेताना बायका खाली बघतात. प्रियदर्शनी वहीत आकडा लिहायची, छातीच्या चुण्या, म्हणजे टक्स, तेवढे खाली घ्यायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची.

स्वतःचं माप मात्र तिनं दोन वर्षं घेतलं नव्हतं.

चाळिसाव्या वर्षी तिचं वजन ब्याण्णव किलो होतं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की साखर अगदी काठावर आहे, आता तरी चाला. तेव्हापासून ती रोज पहाटे इस्लामपूरच्या रस्त्याला चालायला लागली. भात कमी केला, चहातली साखर सोडली. दोन वर्षांत चोवीस किलो गेले. लोक म्हणायचे, ओळखू येत नाहीस. गुडघे दुखायचे थांबले, जिना चढताना दम लागेना. पण पोट आणि छाती रिकाम्या पिशवीसारखी खाली आली. पोटाचं तिला काही वाटलं नाही, साडीत झाकून जायचं. छातीचं तसं नव्हतं. उन्हाळ्यात खालच्या घडीत घाम साचून कातडी सोलायची. ती तिथं जुन्या सुती साडीच्या घड्या ठेवायची आणि दुपारी माल न्यायला बायका आल्या की खाजवताही येत नसे. आणि आंघोळ करताना ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. कुणी बघत नव्हतं तरी.

शेवटी एका दुपारी तिनं दार लोटलं आणि टेप लावली. तेरा इंच. वहीत त्या मापाची एकच बाई होती, आणि ती सत्तरीची होती.

समीक्षा पार्लर चालवायची, दोन दुकानं सोडून. तिच्याशी बोलता बोलता प्रियदर्शनीच्या तोंडून हे निघालं. समीक्षानं लगेच मोबाईल काढून एका सेंटरची जाहिरात दाखवली. टाके नाहीत, डाग नाहीत, दोन तासांत घरी.

"माझ्या एका कस्टमरनं चौकशी केलीया," समीक्षा म्हणाली. "फोन तर करून बघ."

प्रियदर्शनीनं फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली आणि शनिवारची वेळ मोकळी असल्याचं तीनदा सांगितलं.

"ऑपरेशन करणार कोण?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"सीनियर डॉक्टर आहेत, मॅम."

"त्यांचं नाव काय? शिकलेत काय?"

"ते तुम्हाला इथं आल्यावर कळेल, मॅम. शनिवारचं पक्कं करू का?"

"आणि टाके न्हाईत म्हणता, मग जादाची कातडी जाते कुठं?"

पलीकडची मुलगी पुन्हा शनिवारचंच सांगू लागली. प्रियदर्शनीनं फोन ठेवला. कापड कमी करायचं तर कात्री लागते आणि कात्री लागली की शिवण येते, एवढं तिला कुणी शिकवायला नको होतं. शिवण नाहीच म्हणणारा माणूस एकतर काम करणार नाही, नाहीतर काय केलं ते सांगणार नाही.

मग तिनं साखर तपासणाऱ्या आपल्या डॉक्टरांनाच विचारलं. खूप धीर गोळा करून विचारलं. ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर सांगलीच्या एका प्लास्टिक सर्जन बाईंचं नाव लिहून दिलं आणि म्हणाले, "कुणाकडंही जा, पण या कामाची वेगळी डिग्री असती, ती बघूनच जा. आणि भूल देणारा डॉक्टर कोण, दवाखान्यात रात्री काय झालं तर बघायला कोण, हे इचारा. इचारायला लाजू नका."

सांगलीला ती एकटीच गेली, एसटीनं. घरी सांगितलं की अस्तराचं कापड बघायला चालले.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या होत्या. आवाज बारीक, पण बोलणं स्पष्ट. नर्सला शेजारी उभं करून त्यांनी तपासलं आणि टेप घेतली. गळ्याखालच्या खळगीपासून माप काढलं. प्रियदर्शनी इतका वेळ छताकडे बघत होती. टेप बघून तिची नजर खाली आली.

"आम्ही खांद्यापासून घेतो," ती म्हणाली.

"शिवता का तुम्ही?"

"व्हय."

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर चित्र काढायला बसल्या.

त्यांनी सांगितलं ते प्रियदर्शनीनं एकेक करून मनात ठेवलं. या ऑपरेशननं छाती मोठी होत नाही, फारशी लहानही होत नाही. आहे तीच वर जागेवर बसवायची आणि जादाची कातडी काढायची. वरचा भाग भरलेला दिसायला हवा असेल तर आत इम्प्लांट घालतात, पण ते वेगळं काम, त्याचे त्रास वेगळे, आणि ते जन्माचं नसतं, पुढे बदलावं लागू शकतं. प्रियदर्शनीनं ते नको म्हणून सांगितलं. व्रण तीन ठिकाणी राहणार: टोकाभोवती गोल, तिथून खाली उभा, आणि खालच्या घडीत आडवा. आधी लाल, मग वर्षभरात फिके. पुसून मात्र जाणार नाहीत. टोकाची संवेदना कमी होऊ शकते. बहुतेकांची परत येते, काहींची येत नाही. दोन्ही बाजू अगदी एकसारख्या होतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि वय थांबत नाही, वजन वरखाली झालं तर काही वर्षांत पुन्हा थोडं उतरणारच.

"अजून मूल हवंय का?"

"न्हाई, मॅडम. एक मुलगी हाय, बारावीला."

"बरं. म्हणजे दूध पाजण्याचा प्रश्न नाही. वजन अजून उतरतंय?"

"महिन्याला किलोभर."

"तंबाखू, मिश्री?"

रहिमतपूरला, माहेरी, चौदाव्या वर्षी आईच्या डबीतून तिनं पहिल्यांदा मिश्री दाताला लावली होती. आता सकाळी आणि दुपारी मागच्या पायरीवर सासूबरोबर बसून मिश्री लावणं हा तिच्या दिवसातला सगळ्यात निवांत वेळ होता.

"मिश्री हाय," ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग मी आता ऑपरेशन करणार नाही. मिश्रीतही तंबाखूच आहे. रक्त कातडीपर्यंत नीट पोचत नाही, जखम भरत नाही, कधी कडा काळ्या पडतात. मिश्री पूर्ण बंद करा. वजन एका जागी थांबू द्या. सहा महिन्यांनी या, मग बघू."

ती उठत होती, तेवढ्यात मॅडमनी आणखी एक विचारलं. "हे कुणासाठी करायचंय?"

प्रियदर्शनी पुन्हा खुर्चीत बसली.

"घरी मोरीत आरसा हाय, त्याच्यावर मी टॉवेल टाकलाय," ती म्हणाली. "तो काढायचाय."

मॅडमनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मिश्री सोडणं हे वजन उतरवण्यापेक्षा अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात डोकं इतकं दुखलं की तिनं एक ब्लाउज उलटा कापला. सासूबाई, शालूबाई, पायरीवर डबी पुढे करायच्या आणि ती नको म्हणायची.

"का गं, देवाला सोडलीस का काय?"

"न्हाई आत्या, दात दुखत्यात."

शालूबाईंनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं आणि डबी कमरेला खोचली. दातांची ही लहानशी थाप पुढच्या मोठ्या थापेपुढे काहीच नव्हती.

नवऱ्याला तिनं चौथ्या महिन्यात सांगितलं. इंद्रजित वीस वर्षं लष्करात काढून हवालदार म्हणून घरी आला होता आणि आता साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत होता. रविवारी सकाळी तो अंगणात आरसा टेकवून बसला होता.

सगळं ऐकून तो म्हणाला, "आता या वयात कुणाला दाखवायचंय तुला?"

वाईट बोलण्याचा त्याचा हेतू नव्हता. पण ते शब्द तिच्या अंगावर गरम पाण्यासारखे पडले. ती त्याच्या हातातल्या ब्रशकडे बघत राहिली. मिशीला कलप लावायचा ब्रश.

"आवं, तुमी मिशा काळ्या करता त्या कुणाला दाखवायला?"

एक बाजू काळी, एक बाजू पांढरी अशा मिशीनं इंद्रजित उठून आत गेला. दोन दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर बूट काढता काढता तो म्हणाला, "सांगलीला कवा जायचंय? मला डॉक्टरला काय काय इचारायचंय."

तो खरंच कागदावर लिहून घेऊन गेला. भूल कसली, किती तास, रक्त लागलं तर काय, घरी जखम कोण बघणार. मॅडमनी सगळी उत्तरं दिली. पूर्ण भूल, साधारण तीन तास, एक किंवा दोन रात्री दवाखान्यात. गुठळी, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जखम उशिरा भरणं, हे धोके कमी असले तरी आहेत. आधी मॅमोग्राफी, साखर आणि हृदयाचा कागद. हे दिसण्याचं ऑपरेशन धरतात, म्हणून लष्कराच्या आरोग्य कार्डावर बसत नाही. त्यावर प्रियदर्शनी म्हणाली की शिवणातले पैसे तिनं बाजूला ठेवलेत, आणि तो विषय तिथंच संपला.

वजन दोन महिने सहासष्टवर थांबलं होतं. मिश्री सुटली होती. आणखी दोन महिन्यांनी, दिवाळी झाल्यावर, तारीख ठरली.

"आत्यांना काय सांगायचं?" परतीच्या वाटेवर प्रियदर्शनीनं विचारलं.

इंद्रजित गाडी चालवत होता. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "छातीत गाठ हाय म्हणू. काढायची हाय म्हणू. गाठ म्हटलं की कोण जास्त इचारत न्हाई."

तिला ते पटलं. नुसतं पटलं नाही, हायसं वाटलं. मुलीलाही तेच सांगायचं ठरलं.

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी तिला सरळ उभं करून मार्करनं छातीवर रेषा काढल्या. निळ्या रेषा, गोल, उभ्या, वळत गेलेल्या. खडूनं कापडावर काढतात तशाच. प्रियदर्शनीला त्या क्षणी भीती वाटली, इतका वेळ वाटली नव्हती तेवढी. रेषेवरून कात्री गेली की कापड परत जोडता येत नाही. तिनं मॅडमना थांबवलं नाही, फक्त विचारलं, "मी नको म्हटलं तर आता चालतं का?"

"अगदी आत जाईपर्यंत चालतं," मॅडम म्हणाल्या आणि हात थांबवून उभ्या राहिल्या.

"न्हाई. करा."

शुद्धीवर आली तेव्हा छातीवर कुणीतरी घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटत होतं. दुखणं होतं, पण सोसण्यासारखं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. घरी आल्यावर खरं अवघड सुरू झालं. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कळशी उचलायची नाही, कुशीवर झोपायचं नाही, घट्ट आधाराची बॉडी दिवसरात्र घालायची, मशीन महिनाभर बंद. इंद्रजित तिची वेणी घालायचा. फौजेत बुटांच्या नाड्या बांधल्या तशीच घालायचा, घट्ट आणि सरळ. पट्टीही तोच बदलायचा. हात धुवून, हातमोजे घालून, एक शब्द न बोलता.

आणि लोक यायला लागले. गल्लीतल्या बायका शहाळी घेऊन यायच्या, पलंगाच्या कडेला बसायच्या आणि आवाज खाली आणून बोलायच्या. कुणाची जाऊ, कुणाची मावशी, कुणाला किती वेळा सुई द्यावी लागली. रहिमतपूरहून तिचा भाऊ सूरज आला. आला तो दारातच थांबला, पोरासारखे डोळे पुसले आणि म्हणाला, "ताई, मुंबईला न्यायला लागलं तरी नेतो. काळजी करू नको." प्रियदर्शनीनं मान दुसरीकडे फिरवली. त्याला वाटलं ती रडतेय.

शालूबाईंनी चहा सोडला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवसातून चार वेळा चहा लागणारी ती बाई सकाळी कपभर गरम पाणी पिऊन बसायची. प्रियदर्शनीला ते तिसऱ्या दिवशी कळलं, कारण कपाटातली चहापूड कमी होईना.

"आत्या, चहा का घेत न्हाई?"

"तू बरी हो, मग घेते," शालूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या रात्री तिनं इंद्रजितला विचारलं, "खरं सांगूया का?" तो म्हणाला, "आता सांगून काय, टाके निघू दे." त्यालाही अवघडल्यासारखं झालं होतं, पण माघार कशी घ्यायची ते सुचत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी घरात सामसूम होती. प्रियदर्शनी पाणी प्यायला उठली, तर मोरीचं दार अर्धं उघडं. आत राजनंदिनी, तिची मुलगी, कॉलेजच्या कपड्यांत आरशासमोर उभी. एक हात वर, दुसऱ्या हाताची बोटं काखेजवळ दाबून बघत होती. तोंड पांढरंफटक.

"काय करतीस गं?"

राजनंदिनीनं दचकून हात खाली घेतला. मग एकदम रडायला लागली. "मम्मी, मला पण इथं कायतरी लागतंय. मी मोबाईलवर वाचलं, आईला असलं की मुलीला होतं. मी चार दिवस बघतीय. लागतंय काहीतरी."

प्रियदर्शनीनं तिला जवळ घ्यायला हात उचलला आणि टाक्यांत कळ आली. ती मोरीच्या उंबऱ्यावरच बसली.

"इकडं बस," ती म्हणाली. "राजू, मला गाठ नव्हती."

"म्हणजे साधी होती?"

"म्हणजे नव्हतीच. कसलीच न्हाई. मॅमोग्राफीचा कागद कपाटात हाय, तू वाच. वजन उतरल्यावर छाती लोंबली होती, ती वर करून घेतली. तेवढंच ऑपरेशन."

राजनंदिनी तिच्याकडे बघत राहिली. रडणं थांबलं होतं, पण चेहऱ्यावर जे आलं ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"मग सांगायचं ना," ती म्हणाली. "मी चार दिवस झोपले नाही. परीक्षेचा फॉर्म भरला नाही. मला वाटलं तू जाणार." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आज्जीला माहितीय?"

"न्हाई."

"ती चहा सोडून बसलीय."

"ठाऊक हाय मला."

राजनंदिनी उठली, कपाटातून कागद काढला आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या वाचला. दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी तिला गावातल्या डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेली. बोटांना लागत होतं ते काही नव्हतं, त्या वयात असतं तसं जरा घट्ट मांस होतं. बाईंनी तिला समजावून सांगितलं. राजनंदिनी आईशी मात्र आठवडाभर तुटक बोलत राहिली.

शालूबाईंना प्रियदर्शनीनं त्याच संध्याकाळी सांगितलं, मोरीतून उठल्यावर. त्या पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. ती खालच्या पायरीवर बसली आणि सगळं बोलली, न थांबता. घडीतल्या जखमा, टेप, सांगली, मिश्री, गाठीची थाप. इंद्रजितचं नाव तिनं मध्ये आणलं नाही. शालूबाईंचे हात सोलत राहिले.

"म्हंजे गाठ नव्हती," त्या शेवटी म्हणाल्या.

"न्हाई आत्या."

"कवाच नव्हती."

"न्हाई."

शालूबाईंनी पदरातली सालं झटकली, आत गेल्या, एक कप चहा केला आणि चुलीपाशी बसून एकट्यांनीच प्यायल्या. नंतर तीन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत. जेवण वेळेवर यायचं, औषधाच्या वेळेला पाण्याचा तांब्या यायचा, शब्द यायचा नाही. इंद्रजितशी त्या बोलल्या. काय बोलल्या ते प्रियदर्शनीला कळलं नाही, पण तो जरा वेळ अंगणात खाली मान घालून उभा होता.

टाके निघाले, पण तिसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूला, उभी आणि आडवी शिवण जिथं मिळते तिथं, जखम बोटाच्या पेराएवढी उघडली. प्रियदर्शनीनं आरशात ती बघितली. चूक केली, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मॅडमनी फोटो मागवला, मग बोलावून बघितलं. तिथं ताण जास्त असतो, पुष्कळांची तिथं उघडते, रोज पट्टी करा, भरेल. तिनं डाव्या टोकाबद्दलही विचारलं. तिथं हात लावला तरी काही कळत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, थांबावं लागेल, सहा महिने, वर्ष. येईलच असं मी म्हणत नाही.

इंद्रजितची त्या आठवड्यात सकाळची पाळी होती. प्रियदर्शनी पलंगावर बसून एका हातानं पट्टी सोडवायचा प्रयत्न करत होती, तेव्हा शालूबाई आत आल्या. हात धुवून आल्या होत्या, साबणाचा वास येत होता.

"सोड. मी करते."

त्यांनी पट्टी काढली आणि थांबल्या. शिवणींकडे बराच वेळ बघितलं.

"एवढं कापलंय व्हय," त्या म्हणाल्या. "लय दुखलं असंल."

"सुरुवातीला. आता कमी हाय."

प्रियदर्शनीनं सांगितलं तसा शालूबाईंनी कापूस ओला केला आणि हलक्या हातानं जखम पुसली. बोलल्या त्या जखमेकडेच बघत. "मला चाळिशीपास्नं हाय. खाली घडीत. दर उन्हाळ्यात कातडं जातंय, पाणी येतंय. हळद लावते, खोबरेल लावते. तुझ्या सासऱ्याला बी कवा सांगितलं न्हाई. मला वाटायचं बाईला हे असंच असतंय."

"मला का न्हाई सांगितलं आत्या?"

"तू मला सांगितलंस?"

प्रियदर्शनीनं चिकटपट्टीचा तुकडा त्यांच्या हातात दिला.

"मला हे पटत न्हाई, खरं सांगते," शालूबाई चिकटपट्टी लावत म्हणाल्या. "एवढी चिरफाड करायची, ते बी धडधाकट अंगाची. पर अंग तुझं हाय. मला राग त्याचा न्हवता. मी नऊ दिवस देवापुढं बसून माझं आयुष्य तुला दे म्हणत होते. खोट्यापायी."

प्रियदर्शनी रडली. शालूबाईंनी तिला रडू दिलं आणि जुनी पट्टी कागदात गुंडाळून बाहेर नेली.

गल्लीत खरं सांगायचं काम शालूबाईंनीच केलं. शेजारची बाई एकदा अंगणात विचारत होती, "रिपोर्ट काय आला गाठीचा?" प्रियदर्शनी आत ऐकत होती.

"गाठ नव्हतीच," शालूबाई म्हणाल्या. "वजन उतरल्यावर तिला तरास होता, त्याचं काम करून घेतलं. आमी उगं गाठ म्हणालो." एवढं बोलून त्यांनी बादली उचलली. गल्लीत महिनाभर कुजबुज झाली. दोन बायकांनी ब्लाउज दुसरीकडे टाकले. एक हळूच येऊन विचारून गेली. सूरजला प्रियदर्शनीनं स्वतः फोन केला. तो फार चिडला आणि मग म्हणाला, "बरं झालं, ताई. काही नव्हतं ते बरं झालं."

सहाव्या महिन्यात ती दाखवायला सांगलीला गेली, तेव्हा शालूबाई बरोबर होत्या. ऊन वाढलं होतं आणि त्यांच्या घडीत पुन्हा जखमा झाल्या होत्या. सुनेनं दोन दिवस समजावून त्यांना तयार केलं होतं. मॅडमनी त्यांच्या जखमा बघितल्या, बोटातून रक्त काढलं. साखर दोनशे साठ निघाली. "म्हणूनच जखमा भरत नाहीत, आणि बुरशी होते," मॅडम म्हणाल्या. मलम लिहून दिलं, साखरेच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, आणि वयाप्रमाणे मॅमोग्राफीही करून घ्या म्हणाल्या. ऑपरेशनची काही गरज नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, तेव्हा शालूबाईंनी अंग सैल सोडलं.

मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर प्रियदर्शनी त्यांची वाट बघत बसली. तिचे व्रण आता लालचे तपकिरी झाले होते. उजवी बाजू डावीपेक्षा केसभर खाली होती, ते तिलाच कळायचं. डाव्या टोकाला अधूनमधून मुंगी चावल्यासारखं व्हायचं, मॅडम म्हणाल्या की ते चांगलं लक्षण असू शकतं. या उन्हाळ्यात तिनं साडीची घडी ठेवली नव्हती.

शेजारी एक तिशीची बाई फाईल घेऊन बसली होती. तासगावकडची असावी. शेवटी तिनं धीर करून विचारलं, "तुमी इथं ते ऑपरेशन करून घेतलंय का? वरचं?"

"व्हय."

"करून बरं वाटलं?"

प्रियदर्शनीला डाव्या बाजूचं सुन्नपण आठवलं, तिसऱ्या आठवड्यातली उघडी जखम, आणि आंघोळीच्या वेळचा आरसा, ज्याच्यासमोर ती आता सरळ तोंड करून उभी राहायची.

"मला वाटलं," ती म्हणाली. "पर सोपं न्हवतं. किती व्रण राहणार ते कागदावर काढून घ्या. मूल व्हायचं असंल तर थांबा. मिश्री लावत असाल तर आधी ती सोडा. आणि घरी काय सांगितलंय तुमी?"

त्या बाईनं फाईल छातीशी धरली. "अजून काहीच नाही. पोटात गाठ आहे म्हणणार होते."

"ते तेवढं करू नका," प्रियदर्शनी म्हणाली.

आतून नर्सनं शालूबाईंच्या सुनेला हाक मारली. साडी नीट करून द्यायला कुणीतरी हवं होतं. ती उठून आत गेली.